ब्रेक मारला की गाडी नाक का खुपसते?

लोकलमध्ये रेंज जाते, गर्दीत इअरफोन निघतो, म्हणून नेहमीप्रमाणे या भागाचा लिहून काढलेला मजकूर. रेकॉर्डिंगमध्ये मी हातवारे करून बरंच काही दाखवलं होतं, ते ऐकणाऱ्यांनाही दिसलं नाही आणि वाचणाऱ्यांनाही दिसणार नाही. तिथे वाक्यं थोडी बदलली आहेत.

डोंबिवली पूर्वेच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. तो म्हणाला, "दादा, सेकंडहँड हॅचबॅक घेतलीय. दर महिन्याला आईला ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावं लागतं. काटई नाक्यापर्यंत ती गप्पा मारते, शीळफाट्याला चेहरा उतरतो आणि मुंब्रा बायपासला पिशवी हातात. ब्रेक मारला की गाडी पुढून खाली जाते, सोडला की वर येते. गॅरेजवाला म्हणतो चारही शॉकप गेलेत, सोळा हजार होतील. बदलू का? तिने आता रिक्षा आणि ट्रेननेच जाईन म्हणून हट्ट धरलाय, आणि एका डोळ्याला पट्टी बांधून ट्रेनने जाणं मला पटत नाही."

या मेसेजला "बदल" किंवा "नको बदलू" असं दोन शब्दांत उत्तर देता आलं असतं. पण ब्रेक मारल्यावर गाडी पुढून किती वाकते, हे ठरवण्यात शॉकपचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा फारच कमी असतो. खरं काम करते चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या लोखंडी दांड्यांची मांडणी. तिच्याबद्दल गॅरेजमध्ये कोणी बोलत नाही, जाहिरातीत तर नाहीच. म्हणून आजचा अख्खा भाग त्यावर.

आधी लोकलमध्ये उभे राहू. दारापासून जरा आत, हातात कडी नाही, तोंड गाडीच्या दिशेने. एक पाय पुढे, एक मागे. दिव्याच्या अलीकडे मोटरमनने ब्रेक लावला की पुढच्या पायावर भार येतो, मागचा हलका होतो. पाय जवळजवळ ठेवले असतील तर तोल जातो, लांब ठेवले असतील तर निभावतं. उंच माणसाला जास्त त्रास, बुटक्याला कमी. गाडीचंही अगदी हेच. पायांमधलं अंतर म्हणजे व्हीलबेस, उंची म्हणजे गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची. मागून पुढे सरकणारं वजन काढायचं तर गाडीचं वजन गुणिले ब्रेकचा जोर गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले व्हीलबेस. संपलं.

आकडे घालू. माणसांसकट ११०० किलोची छोटी गाडी, व्हीलबेस २.४५ मीटर, गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर. हे मी हिशोबासाठी धरलेले आकडे आहेत, पण आपल्याकडच्या हॅचबॅकच्या जवळ जाणारे. मध्येच रिक्षा आडवी आली आणि तुम्ही बऱ्यापैकी जोरात, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने ब्रेक मारला, तर साधारण १२३ किलो भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर जातो. अगदी जीव खाऊन मारला, ०.८ जी, तर २०० किलोच्या आसपास.

आता या हिशोबात काय नाही ते बघा. स्प्रिंग नाही, शॉकप नाही, कुठलीही दांडी नाही. म्हणजे सस्पेन्शन कसंही असो, सरकायचं ते वजन सरकणारच. "आमच्या गाडीत ॲन्टी-डाइव्ह आहे, त्यामुळे वजन पुढे जात नाही" असं कोणी सेल्समन म्हणाला तर चहा पिऊन घ्या आणि निघा. प्रश्न एवढाच असतो, की ते १२३ किलो पुढच्या चाकांपर्यंत कुठल्या वाटेने पोहोचतात. एक वाट स्प्रिंगमधून जाते, दुसरी थेट दांड्यांमधून. स्प्रिंगमधून गेले तर स्प्रिंग दबते आणि गाडी नाक खुपसते. दांड्यांमधून गेले तर गाडी जागची हलत नाही. आजचा विषय म्हणजे या दोन वाटांमधली वाटणी.

सगळं स्प्रिंगमधून गेलं असं आधी धरू. पुढच्या दोन स्प्रिंग मिळून प्रत्येक मिलिमीटरला चार किलो पेलतात असं समजा. १२३ किलो आले तर नाक साधारण ३० मिलिमीटर खाली जाईल. मागे तेवढीच ताकदीची जोडी असेल तर शेपूट ३० मिलिमीटर वर. एकूण ६० मिलिमीटरचा फरक, २.४५ मीटर लांबीवर. कोनात मोजला तर दीड अंशालाही कमी. दीड अंश म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण रात्री मुंब्रा बायपासला जा. लो बीमचा झोत मुळातच किंचित खाली वाकवलेला असतो, शंभर मीटरमागे एक मीटर धरू. हेडलाइट जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल तर झोत ६५ मीटरपर्यंत पोहोचतो. त्यात हा दीड अंश मिळवला की तो झोत १९ मीटरवरच जमिनीत घुसतो. समोर काहीतरी दिसलं म्हणून तुम्ही ब्रेक मारलात, आणि ब्रेक मारल्यामुळेच ते दिसायचं बंद झालं! उलट सिग्नल सुटल्यावर जोरात निघालात की नाक वर उचलतं आणि समोरच्या बाइकवाल्याच्या डोळ्यांत झोत जातो. डॅशबोर्डवर हेडलाइटसाठी शून्य ते तीन आकड्यांचं एक छोटं चाक असतं ना, जे आपण कधीच फिरवत नाही? ते मागे माणसं आणि सामान भरल्यावर झोत खाली घ्यायला आहे. ब्रेकमधल्या डुबकीवर त्याचा उपयोग नाही.

शॉकपचं काय मग? शॉकप म्हणजे तेलातून ढकलला जाणारा दट्ट्या. तो हालचालीचा वेग अडवतो, हालचाल अडवत नाही. ब्रेक दोन-तीन सेकंद धरून ठेवलात तर नवा कोरा शॉकप असो नाहीतर गेलेला, नाक शेवटी तेवढंच खाली जाऊन थांबतं. फरक कसं जातं यात पडतो. गेलेला शॉकप असेल तर धपकन जातं, हवं त्यापेक्षा थोडं जास्त जातं आणि परत येताना दोन-तीनदा मान हलवतं. म्हणजे गाडी "किती" वाकते हा शॉकपचा गुन्हा नाही, "किती वेळ डोलत राहते" हा असू शकतो. आणि अजून एक गैरसमज: वळणावर गाडी कलू नये म्हणून जो अँटी-रोल बार असतो, तो जाड केला तर ब्रेकमधलं वाकणं कमी होतं असं काही जण सांगतात. दोन्ही पुढची चाकं एकदम वर गेली तर तो बार नुसता आपल्या जागी फिरतो, पिळला जातच नाही. ब्रेकच्या बाबतीत तो गाडीत असून नसल्यासारखा.

आता मुख्य मुद्दा, दांड्या. कल्पना करायला घरातला लादी पुसायचा मॉप घ्या. दांडी तिरकी धरलीय, फडकं जमिनीला चिकटून बसलंय. दांडी पुढे रेटली की ती तुमचा हात वर उचलायला बघते. मागे ओढली की हात खाली खेचला जातो. आडव्या जोराचा थोडा भाग उभा होतो, कारण दांडी तिरकी आहे. सस्पेन्शनची भूमिती म्हणजे एवढंच, फक्त दांडी दिसत नाही.

चाक खड्ड्यावरून वर-खाली जातं तेव्हा बाजूने बघितलं तर ते कुठल्यातरी एका बिंदूभोवती वर्तुळात फिरत असतं. दाराला बिजागरी असते तशी. काही गाड्यांत ती बिजागरी खरोखरची असते, काहींत ती काल्पनिक, कधी कधी गाडीच्या मागे कित्येक मीटरवर हवेत असते. टायर जमिनीला टेकतो तिथपासून त्या बिजागरीपर्यंत एक रेघ काढा. ही तुमची मॉपची दांडी. ब्रेक मारल्यावर रस्ता टायरला मागे ढकलतो. पुढच्या चाकाची दांडी मागे आणि वर चढत गेलेली असेल, तर हा धक्का बॉडीला मागे ढकलतानाच थोडा वरही उचलतो. नाक खाली जायला बघतंय, दांडी खालून टेकू देतेय. याला ॲन्टी-डाइव्ह म्हणतात. मागच्या चाकाची दांडी पुढे आणि वर गेलेली असते. तिथे रस्ता टायरला मागे ओढतो, दांडी बॉडीला मागे आणि खाली ओढते. शेपूट वर उचललं जाऊ नये म्हणून कोणीतरी डिकीवर बसल्यासारखं. हे ॲन्टी-लिफ्ट.

कल्याणच्या पत्रीपुलाच्या चढावर ज्यांनी गाडी शिकलीय त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलंय. ट्रॅफिक थांबलंय, हँडब्रेक ओढलाय, पहिला गिअर, क्लच हळूहळू सोडला. पुढची चाकं गाडी ओढतायत, मागची हँडब्रेकने धरून ठेवलीयत. काय होतं? बॉनेट उचलतो आणि गाडी मागून बसते. ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर म्हणतो, "मागून बसली की हँडब्रेक सोड." पण गाडी तर जागची हललेली नाही, मग बसली कशी? मागच्या दांडीने खाली ओढली. गाडी बसते त्यात ही भूमिती आहे, आणि मास्तर ती फी न घेता शिकवून गेलाय.

ही दांडी खऱ्या लोखंडाची, उघड्यावर दिसेल अशी एक गाडी खुद्द आपल्या गावात बनत होती. कल्याण-शीळ रोडला डोंबिवलीजवळ प्रीमियर कॉलनी हे नाव आजही रिक्षावाल्यांना कळतं. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचं ते नाव. कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी सगळ्यांना माहीत असते, पण १९९० च्या दशकात प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोबरोबर भागीदारी केली आणि प्यूजो ३०९ ही गाडी इथे कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यात बनली. भागीदारी काही वर्षांतच मोडली. आता त्या रोडवर दोन्ही बाजूंना टॉवर आहेत. ३०९ रस्त्यावर दिसली तर मला फोटो पाठवा.

त्या गाडीत मागे ट्रेलिंग आर्म होते. प्रत्येक मागच्या चाकाला पुढे जाणारा एक जाडजूड हात, त्या हाताची बिजागरी चाकाच्या पुढे बॉडीखालच्या चौकटीवर. स्प्रिंगच्या जागी आडवे टॉर्शन बार, म्हणजे पिळले जाणारे दांडे. इथे बिजागरी काल्पनिक नाही, बोट ठेवून दाखवता येते. अशा मांडणीत समजा बिजागरी चाकाच्या मध्यापासून ४२-४३ सेंटिमीटर पुढे आणि जमिनीपासून २८ सेंटिमीटर वर असेल, आणि ब्रेकचा पाव भाग मागची चाकं करत असतील, तर आपल्या मघाच्या गाडीचं शेपूट उचलणं सत्तर टक्क्यांच्या आसपास रद्द होतं. ३० मिलिमीटरच्या जागी आठ-नऊ. एक रुपया जास्तीचा न घालता, फक्त बिजागरी कुठे ठेवली यावर.

"पण ३०९ आता कोणाकडे आहे?" बरोबर. तुमच्या स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी, टियागोच्या मागे ट्विस्ट बीम असतो. दोन ट्रेलिंग आर्म, मधे एका पिळल्या जाणाऱ्या आडव्या तुळईने जोडलेले. बाजूने बघितलं तर भूमिती तीच. त्यामुळे आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांचं शेपूट ब्रेकमध्ये फारसं उठत नाही. वाकताना दिसतं ते मुख्यतः नाक.

नाकाचं दुखणं वेगळं. पुढे असतो मॅकफर्सन स्ट्रट: उभा शॉकप-स्प्रिंगचा खांब आणि खाली लोअर आर्म. इथे बिजागरी शोधायला दोन रेघा काढाव्या लागतात. एक खांबाच्या माथ्यावरून, खांबाला काटकोनात. दुसरी बॉल जॉइंटमधून, लोअर आर्मच्या पुढच्या-मागच्या बुशना जोडणाऱ्या रेघेला समांतर. दोन्ही जिथे भेटतील तिथे बिजागरी. खांब थोडासाच मागे झुकलेला असतो, म्हणून त्या रेघा फार मागे जाऊन भेटतात आणि आपली मॉपची दांडी जवळपास आडवीच राहते. लोअर आर्मचं मागचं बुश पुढच्यापेक्षा किंचित वर बसवलं की दांडी जरा उभी होते आणि ॲन्टी-डाइव्ह वाढतो. काही मिलिमीटरचा खेळ. नाकाचं २० टक्के खुपसणं यातून वाचलं असं धरा. म्हणजे ३० च्या जागी २४. शेपटीचे आठ मिळवले तर एकूण ३२ मिलिमीटर, कोन पाऊण अंश. मघाचा १९ मीटरवर घुसणारा हेडलाइट आता २८ मीटरपर्यंत पोहोचतो. रात्री नऊ मीटर जास्त रस्ता दिसणं म्हणजे काय, हे ज्याच्यापुढे अचानक म्हैस आलीय त्याला विचारा.

मग शंभर टक्के का नाही करत? नाक हलूच नये अशी गाडी का नाही बनवत?

कारण खड्डे. चाक खड्ड्याच्या काठावर किंवा स्पीडब्रेकरवर आदळतं तेव्हा त्याला वर जाताना थोडं मागे सरकायला मिळालं तर धक्का मऊ लागतो. ॲन्टी-डाइव्हसाठी बिजागरी जितकी वर न्याल तितकी ही मागे सरकण्याची मोकळीक कमी होते, आणि फार वर नेली तर चाक वर चढताना उलट पुढे, धक्क्याच्या अंगावर जातं. शिवाय ब्रेक दाबलेला असताना दांड्या ताणात असतात, चाकाला वर-खाली जायचं असलं तरी ब्रेकचा जोर त्यात लुडबुड करतो. सस्पेन्शन आखडल्यासारखं होतं, स्टिअरिंगला झटके बसतात. म्हणून रस्त्यावरच्या गाड्यांत पुढचा ॲन्टी-डाइव्ह क्वचितच निम्म्याच्या वर जातो. एफ-वनमध्ये उलटं. २०२२ ची रेड बुल आरबी-१८ आठवा, तिचे पुढचे वरचे विशबोन बाजूने बघितले तर चक्क तिरके दिसायचे. गाडीचा तळ जमिनीपासून ठरलेल्या अंतरावर राहिला नाही तर त्या गाड्यांची खालून मिळणारी पकड जाते, त्यामुळे नाक खुपसणं परवडत नाही. आणि ट्रॅकवर आपल्यासारखे स्पीडब्रेकर नसतात.

आपण मात्र गाडी कशी चालवतो? घोडबंदर रोड घ्या, मानपाडा ते गायमुख. (ठाण्यातही मानपाडा, डोंबिवलीतही मानपाडा, त्यामुळे कॅबवाला एकदा तरी चुकीच्या शहरात जातोच.) खड्डा शेवटच्या क्षणी दिसतो, ब्रेक दाबला जातो आणि ब्रेक दाबलेलाच असताना चाक खड्ड्यात जातं. म्हणजे नाक आधीच खाली, स्प्रिंगची निम्मी जागा वापरून झालेली, दांड्या ताणलेल्या, आणि त्यात खड्डा. याहून वाईट वेळ नाही. खड्ड्याच्या आधी जेवढा वेग मारायचा तेवढा मारा आणि खड्ड्याच्या तोंडाशी ब्रेक सोडून द्या. नाक वर येतं, स्प्रिंग मोकळी होते, तोच खड्डा निम्मा वाटतो. मागे कोणी चिकटून येत नसेल तेव्हा दोन्ही प्रकारे करून बघा.

आता निघताना काय होतं. वेग घेताना वजन मागे जातं, नाक उचलतं, शेपूट बसतं. इथे एक गंमत आहे. ब्रेक चाकातच बसवलेला असतो, म्हणून दांडी टायरच्या तळापासून मोजायची. पण इंजिन बॉडीवर बसलेलं असतं आणि जोर शाफ्टमधून चाकाला येतो, म्हणून वेग घेताना दांडी चाकाच्या मध्यापासून मोजायची. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या छोट्या गाडीत पुढची बिजागरी चाकाच्या मध्याच्या उंचीच्या आसपास किंवा खालीच असते. म्हणजे दांडी आडवी, टेकू शून्य. आणि मागची चाकं तर ओढतच नाहीत, तिथे दांडीत जोरच नाही. त्यामुळे सिग्नल सुटल्यावर आपली हॅचबॅक नाक वर करून निघते त्यावर भूमितीचा इलाज जवळपास नाही. पद्मिनीसारख्या जुन्या गाडीत मागचा अख्खा ॲक्सल पाट्यांवर असायचा, तिथे जोर लावला की पाटेच पिळ खायचे, तो वेगळा तमाशा. मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली, त्यामुळे तो आता अनुभवायला मिळणं कठीण.

आणि याच मुद्द्यावर इलेक्ट्रिक गाडी येते. "इलेक्ट्रिक कॅबमध्ये मला मळमळतं" हे मी ठाण्यातल्या बऱ्याच जणांकडून ऐकलंय. नेक्सॉन ईव्ही, टियागो ईव्ही यांची मोटर पुढे आहे. ॲक्सिलरेटर सोडला की मोटर जनरेटर होते आणि गाडी हळू होते. पण हा ब्रेक चाकात नाही, मोटरमध्ये आहे, आणि मोटर बॉडीवर. म्हणजे दांडी पुन्हा चाकाच्या मध्यापासून मोजायची, आडवी, टेकू नाही. वर हे फक्त पुढच्या चाकांवर चालतं, मागचे ब्रेक लागतच नाहीत, त्यामुळे डिकीवर बसणारा तो अदृश्य माणूसही उठून जातो. तेवढाच वेग मारला तरी पेडलच्या ब्रेकपेक्षा गाडी जास्त डोलते. बॅटरी तळाशी असल्यामुळे गुरुत्वमध्य खाली जातो, त्याने थोडी भरपाई होते, पूर्ण नाही. मागे मोटर असलेल्या गाडीत, उदाहरणार्थ महिंद्रा बीई-६ मध्ये, गणित पुन्हा वेगळं, कारण तिथे हा ब्रेक मागच्या दांडीतून येतो.

आता आपल्या मित्राच्या आईकडे. त्याला मी दोन गोष्टी विचारल्या. पहिली, गाडी दाबून बघितलीस का? प्रत्येक कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोरात दाबायचं आणि सोडायचं. वर येऊन तिथेच थांबली तर शॉकप जिवंत आहे, दोन-तीनदा हलली तर गेलाय. वाकून शॉकपच्या नळीवर तेल ओघळलंय का तेही बघायचं. त्याचं उत्तर: चारही कोरडे, गाडी एकदाच वर येऊन थांबते. दुसरी, ब्रेक मारताना पुढून टक असा आवाज येतो का? येतो म्हणाला, डावीकडून. म्हणजे लोअर आर्मचं बुश संशयित. बुश फाटलं की ब्रेकमध्ये आख्खा हात मागे सरकतो, ठरवून दिलेली भूमितीच हलते आणि प्रत्येक ब्रेकला एक जास्तीचा धक्का मिळतो. बुशचं काम चार शॉकपपेक्षा खूपच स्वस्तात होतं.

बोलता बोलता तिसरी गोष्ट निघाली. सोसायटीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरला गाडी घासते म्हणून त्याने स्प्रिंगमध्ये रबरी बफर बसवून घेतले होते. कल्याण-डोंबिवलीत हे प्रत्येक ॲक्सेसरीच्या दुकानात मिळतात. गाडी २५ मिलिमीटर उचलली तर वजन सरकण्यात चार-पाच टक्केच वाढ, ती सोडून द्या. पण बफर स्प्रिंगची एक-दोन वेटोळी अडवून ठेवतो, त्यामुळे स्प्रिंग कडक होते. नाक खुपसणं उलट थोडं कमीच होतं, पण जे होतं ते झटक्यात होतं. आणि शॉकप जुन्या मऊ स्प्रिंगच्या हिशोबाने बनलेला, त्याला ही कडक स्प्रिंग आवरत नाही. मी त्याला बफर काढ म्हणालो. गेटवर सगळे उतरा आणि गाडी तिरकी घाल.

आणि तरीही आईला गाडी लागू शकते, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. माणसाला सगळ्यात जास्त मळमळतं ते सावकाश हेलकाव्यांनी, पाच सेकंदांत एक हेलकावा अशा आसपासच्या लयीने. कल्याण-शीळ रोडच्या ट्रॅफिकची लय नेमकी हीच आहे: थोडं पुढे, ब्रेक, थोडं पुढे, ब्रेक. हा हेलकावा शॉकपमधून येत नाही, ड्रायव्हरच्या पायातून येतो. पुढच्या गाडीपासून दोन गाड्यांची जागा सोडली आणि ती भरायची घाई केली नाही, तर निम्मे ब्रेक लागतच नाहीत. आणि थांबताना शेवटच्या मीटरभरात ब्रेक हळूच सैल करायचा. कारण गाडी थांबते त्या क्षणी ब्रेकचा जोर एकदम शून्य होतो, दांड्यांचा टेकू जातो, दबलेली स्प्रिंग सुटते आणि मान मागे झटकली जाते. आईच्या पोटात ढवळतं ते या झटक्याने. तिला पुढच्या सीटवर बसव, रस्ता दिसू दे, तिच्या हातात व्हॉट्सॲप देऊ नको.

ज्यांना हे मोजून बघायचंय त्यांच्यासाठी. फोनमधलं लेव्हलचं ॲप डॅशबोर्डवर ठेवून ब्रेक मारू नका. ते ॲप गुरुत्वाकर्षणाची दिशा बघतं, आणि ब्रेकमध्ये फोनला वाटतं की जमीनच तिरकी झालीय. ०.३ जीच्या साध्या ब्रेकला ते सतरा अंश दाखवेल, जे खोटं आहे. त्याऐवजी फायफॉक्स हे फुकट ॲप घ्या, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने बनवलेलं, त्यातला जायरोस्कोप वापरा. तो फिरण्याचा वेग थेट मोजतो. किंवा त्याहून सोपं: मित्राला रिकाम्या मैदानाच्या कडेला उभं करा, चाकाच्या कमानीवर रंगीत चिकटपट्टी लावा, ताशी तीसने या आणि ब्रेक मारा. तो बाजूने स्लो-मोशन काढेल. नंतर व्हिडिओ थांबवून टायर आणि कमानीतलं अंतर पुढे किती घटलं, मागे किती वाढलं ते बघा. ट्विस्ट बीमची गाडी असेल तर मागचा आकडा पुढच्यापेक्षा बराच लहान यायला हवा.

परवा त्या मित्राचा पुन्हा मेसेज आला. बफर काढलेत, डावं बुश फाटलेलंच निघालं, दोन्ही बाजूंची बदलली. शॉकप तेच आहेत. आईची पुढची तारीख शुक्रवारी आहे, आणि ती पुढच्या सीटवर बसायला तयार झालीय, पण पिशवी सोबत ठेवणार म्हणते.